दार उघडण्याआधीचा सूर

९ ऑगस्ट

दादास,

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू ओरडतोस, मग मी ओरडते, मग आई आतल्या खोलीतून दोघांवर ओरडते आणि मूळ विषय बाजूलाच राहतो. पत्रात एकच जण ओरडतो आणि दुसऱ्याला निमूट वाचावं लागतं.

तुझी जाहिरात पाहिली. आमच्या कोपऱ्यावर, चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर, दोन मजले उंच लागली आहे. काठी धरलेला हात वर आणि डोळे मिटलेले. डोळे मिटून वादकांना इशारा कसा देतात, ते एकदा मलाही शिकव. खाली लिहिलंय, 'प्रेक्षकांनी निवडलेलं सर्वांत आवडतं पार्श्वसंगीत'. मोठ्या पडद्यावर संपूर्ण चित्रपट आणि पडद्यापुढे वादक बसून प्रत्यक्ष वाजवणार. अभिनंदन. मनापासून करते आहे. आपण दोघांनी केलेलं काम लोकांनी पहिलं निवडलं याचा मलाही आनंद झाला, माझं नाव तिकीटविक्रीच्या वेळांशेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत असलं तरी.

पण त्याखाली आणखी एक ओळ आहे. 'मूळ ध्वनिमुद्रणातील त्रुटी दूर करून.'

कुठल्या त्रुटी, दादा?

खरखर काढली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. मग काल दाढीवाला आला. तोच, बाबांच्या शेजारी बसून दुसरी क्लॅरिनेट वाजवायचा तो. आता दाढी पांढरी झाली आहे. तू त्याला या कार्यक्रमात घेतलंस हे चांगलं केलंस. तुझ्याकडून आलेला नोटेशनचा कागद त्याने माझ्या टेबलावर पसरला आणि म्हणाला, "ताई, हे बघा जरा. छपाईत काहीतरी चुकलंय."

छपाईत काही चुकलं नव्हतं. तुझाच लाल बाण होता, तुझ्याच अक्षरात 'दार' लिहिलेलं. क्लॅरिनेट तू सरकवून दारावर नेली आहेस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण तू ते विसरल्यासारखा वागतो आहेस. चित्रपटातली ती बाई घरात इस्त्री करते आहे. मुलगा गेला असं सगळ्यांनी तिला सांगितलंय आणि तिनेही ते मानलंय. तो मुलगा दाराबाहेर उभा आहे. आपल्याला दिसतोय, तिला नाही. ती पांढरी चादर हातात घेऊन झटकते, पुन्हा टेबलावर पसरते, मान वर करते. मग दार उघडतं. आपण लिहिलं होतं ते असं, की दार उघडेपर्यंत नुसती इस्त्रीची खसखस, आणि दार उघडलं की क्लॅरिनेट.

आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी काय झालं? हॉलमध्ये भिंतीवर चित्र चालू होतं, तू काठी घेऊन उभा होतास, मी काचेपलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी बसले होते. बाबांचे डोळे तेव्हा अधू झाले होते. ते आपण दोघांनी एकमेकांपासूनही लपवलं होतं. बाईने चादर झटकली, पडदा पांढराशुभ्र झाला, बाबांना वाटलं दार उघडलं आणि बाहेरचा उजेड आत आला. त्यांनी क्लॅरिनेट ओठाला लावली आणि सुरू केलं. तुझी काठी खालीच होती. आणि त्यांच्या त्या पहिल्या सुरावर पडद्यावरच्या बाईने मान वर केली.

तिने मान का वर केली हे चित्रीकरण करणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. माशी आली असेल, म्हणायचे. बाबांनी त्या मानेला कारण दिलं. जगाला कळायच्या आधी आईला कळलं.

आता तू ते कारण काढून घेणार. मी काढू देणार नाही. बाण खोड आणि दाढीवाल्याला नवा कागद पाठव.

बारकी


१७ ऑगस्ट

दादा,

तुझ्या कचेरीतून टाइप केलेलं उत्तर आलं. 'आपली सूचना सरांपर्यंत पोहोचवण्यात आली आहे. सरांना आपल्या भावनांचा आदर आहे.'

कोण हे सर? ज्यांना लहानपणी अंधारातून मोरीपर्यंत जायला धाकट्या बहिणीचं बोट धरावं लागायचं, तेच ना? त्यांना म्हणावं, सूचना नाही पाठवली, धमकी पाठवली होती. नीट वाचा.

आणि सरांना असंही म्हणावं की रेडिओवरची मुलाखत ऐकली. निवेदिका लाडात येऊन विचारते, "क्लॅरिनेट दाराच्या आधी आणायची ही विलक्षण कल्पना कशी सुचली?" आणि सर सांगतात, "ती दिग्दर्शकांची इच्छा होती." वा रे वा! दिग्दर्शक बिचारा वर गेला म्हणून बरं, नाहीतर त्याने कानाला हात लावले असते. इतकी वर्षं तू हेच सांगतोस. एकदाही तुझ्या तोंडून निघालं नाही की क्लॅरिनेट वाजवणारा माणूस चुकला होता आणि तो माझा बाप होता. चार शब्दांचं वाक्य आहे. 'माझे वडील चुकले होते.' म्हणून बघ, जीभ झडत नाही.

तुझा आक्षेप मला पाठ आहे. चूक ती चूक. बापाची चूक चारचौघांत मिरवायची नसते, झाकायची असते. पण लोकांनी मत दिलं ते कशाला, हे ऐकलंस का? त्याच कार्यक्रमात पत्रं वाचून दाखवली. लोकांना विचारलं होतं, तुमचं आवडतं पार्श्वसंगीत कोणतं आणि का. गाणं असतं तर माणसं गुणगुणून दाखवतात. पार्श्वसंगीत कोण गुणगुणणार? ते असं कानाखालून गेलेलं असतं की चाल आठवत नाही, फक्त त्या वेळी पोटात काय झालं ते आठवतं. कोणी लिहिलं 'तो चादरीचा प्रसंग'. कोणी लिहिलं 'ती बाई, जिला आधीच कळतं'. एकाने लिहिलं की माझी आई हा प्रसंग आला की टीव्हीचा आवाज मोठा करायची आणि उठून स्वयंपाकघरात जायची. तू रचलेली ती सुरुवातीची भरजरी सुरावट, व्हायोलिनांचा सगळा ताफा लावलेली, कोणालाही आठवली नाही. मला आठवते, पण मी तुझी बहीण आहे.

लोकांनी आपल्याला मत दिलं नाही, दादा. बाबांच्या चुकीला दिलं. आणि तू तीच चूक दुरुस्त करून त्यांना तिकिटं विकतो आहेस.

आणि हे जे तू नातेवाइकांत सांगत फिरतोस, की त्या दिवसाने बाबांना आतून मोडलं, ते खोटं आहे. बाबांना त्याचं काही वाटलं नव्हतं. मी घरात होते. तू नव्हतास.

बारकी


२५ ऑगस्ट

दादा,

तर तुला लिहिता येतं. सरांच्या नव्हे, तुझ्या हाताने. कार्डाच्या मागे एकच ओळ: 'ते परत वाजवू या म्हणाले होते. तू त्यांना वाजवू दिलं नाहीस.'

हो.

हे नाकारत नाही आणि कधी नाकारलंही नाही. टेक संपला. मागच्या रांगेतला तो जाड्या व्हायोलिनवाला फिस्सकन हसला. बाबांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवली, काचेकडे पाहून हात वर केला आणि म्हणाले, "माझी चूक झाली. परत घेऊ या." सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी माइकचं बटण दाबून म्हटलं, "नाही. हाच टेक राहील." बाबा पुन्हा म्हणाले, "अगं, लवकर आलो मी." मी पुन्हा म्हटलं, "नाही." तू काठी नोटेशनच्या स्टँडवर आपटलीस आणि बाहेर गेलास. तेव्हापासून तू माझ्याबरोबर एकही चित्रपट केला नाहीस.

आता मागच्या पत्रात जे खोटं लिहिलं ते खरं लिहिते. बाबांना वाटलं होतं. फार वाटलं होतं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी क्लॅरिनेट पुसून, सुटे भाग करून पेटीत ठेवली आणि माझ्याशी बोलायचं सोडलं. एका घरात राहून. आईमार्फत सांगायचे, "तिला म्हणावं, दिवा बंद कर." मी समोर बसलेली. चित्रपट लागेपर्यंत हेच चाललं. मी रोज वाट बघायचे आणि रोज मला रडू यायचं, पण मी तो टेक बदलला नाही. रेकॉर्डिस्ट दोनदा विचारून गेला होता, पुन्हा घ्यायचंय का, हॉल रिकामा आहे. बाबांना नुसतं 'चला' म्हटलं असतं तर ते चपला घालून निघाले असते. मी म्हटलं नाही.

का म्हटलं नाही? कारण काचेपलीकडून मला बाई दिसत होती आणि बाबा ऐकू येत होते, दोन्ही एकदम. तू त्या सुरासरशी पडद्यावरून बाबांकडे वळलास, तुला फक्त चुकलेले बाबा दिसले. बाबांना तर काहीच नीट दिसलं नाही. तो प्रसंग जिवंत झालेला त्या खोलीत मी एकटीने पाहिला. मग काय करायचं होतं मी? वडिलांचा मान राखायचा म्हणून त्या बाईला पुन्हा मारायचं?

चित्रपट लागल्यावर मी दोघांना घेऊन गेले. आई मध्यंतरानंतर पेंगत होती, तिची सवय तुला माहीत आहे. बाबा ताठ बसले होते. त्यांना पडद्यावरचं धूसरच दिसत असणार, पण कान शाबूत होते. तो प्रसंग आला. चादर, क्लॅरिनेट, मान. आमच्या पुढच्या रांगेतल्या बाईने पदराने तोंड दाबलं. ते बाबांना ऐकू आलं. थोड्या वेळाने ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "चूक ती चूकच आहे. पण आता काढू नकोस."

एवढंच. मला डोक्यावरून हात वगैरे काही मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच दिवा बंद करायला सांगितलं.

तू म्हणशील, हे तुझ्या सोयीचं आहे, साक्षीदार कोण? साक्षीदार कोणी नाही. आई घोरत होती. विश्वास ठेव अगर ठेवू नकोस. मी शपथ घेणार नाही आणि गळाही काढणार नाही.

बारकी


४ सप्टेंबर

दादा,

आईला मध्ये घालायचं नाही असं आपलं न बोलता ठरलं होतं. तू ते मोडलंस. फोन करून तिला विचारलंस, चित्रपटगृहात बाबा काय म्हणाले ते ऐकलंस का? मग मीही मोडते.

आई म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "मी झोपले होते हे त्याला सांगितलं. झोपले नसते तरी सांगितलं नसतं. तुम्ही दोघं बापाला दोन्हीकडून ओढता. एकाला तो चुकलेला नको आणि एकीला तो सुधारलेला नको. माझा नवरा होता तो. रोज काहीतरी चुकायचा. चहात साखर दोनदा घालायचा, तेव्हा कुठे गेला होता तुमचा जीव?"

मी म्हटलं, "आई, हे चहाचं नाही."

"सगळं चहाचंच असतं," ती म्हणाली आणि टीव्ही लावला.

आता कामाचं. दाढीवाल्याचा पुढचा दात गेला. दुखत होता तो काढला, शेजारचाही हलतो आहे आणि गाल चेंडूसारखा सुजलाय. वरच्या दातांची पकड नसेल तर क्लॅरिनेट वाजत नाही, हे बाबांच्या मुलाला सांगायला नको. तो माझ्याकडे आला आणि सुजलेल्या तोंडाने जे बोलला त्याचा अर्थ असा निघाला की त्याने तुझ्या वादक जमवणाऱ्या माणसाला माझं नाव दिलं आहे आणि त्या माणसाने, मी कोण हे न विचारता, होकार दिला आहे.

तेव्हा पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीत मी बसणार आहे.

तू म्हणशील, ही आता वाजवते कुठे? वाजवते. तू माझी चौकशी सोडलीस म्हणून मी वाद्य सोडलं असं होत नाही. संगीतशाळेत शिकवते, सकाळी तासभर स्वतःसाठी वाजवते, आणि शेजारच्या वकिलाने तक्रार केली तेव्हापासून दीड तास वाजवते. बाबांनी तुला व्हायोलिन दिलं आणि मला क्लॅरिनेट दिली. तेव्हा तू रडला होतास. मला आठवतं.

हे चोरून करत नाही. आधी सांगते आहे. मला काढायचं असेल तर काढ. तुझा कार्यक्रम, तुझी काठी. पण काढायचं तर तू स्वतः लिही, सरांच्या कचेरीतून नको.

बारकी


१३ सप्टेंबर, तालमीनंतर

दादा,

काढलं नाहीस. सकाळी हॉलमध्ये शिरलास, वादकांवरून नजर फिरवलीस, ती माझ्यापर्यंत आली आणि पुढच्या बासरीवाल्यावर गेली. माझ्या खुर्चीत कोणी बसलंच नाही अशी. चांगलं जमतं तुला.

एक सांगते, नाइलाजाने. तू उत्तम चालवतोस. पूर्वी काठी हवेत फार नाचायची, आता जेवढ्यास तेवढी हलते. चित्र चालू असताना तुझी नजर समोरच्या छोट्या पडद्यावर आणि कान आमच्यावर असतात, एकही जागा निसटत नाही. ती भरजरी सुरावटसुद्धा आज प्रत्यक्ष ऐकताना मला आवडली. हे कोणाला सांगू नकोस.

मग चादरीचा प्रसंग आला. मी तू लिहिलंस तसं वाजवलं. दार उघडलं, तुझी काठी माझ्याकडे आली, मी बरोबर त्या क्षणी सुरू केलं. स्वच्छ, सुरात, वेळेवर. व्हायोलिनवाल्यांनी स्टँडवर गज टकटकवून दाद दिली. तू 'पुढे' म्हणालास.

आणि तू पाहिलंस. पाहिलं नाहीस असं म्हणू नकोस, मी तुझ्याचकडे बघत होते. पडद्यावर बाईने चादर झटकली, पसरली, मान वर केली. कशासाठी? कशासाठीच नाही. एक बाई इस्त्री करता करता मान वर करते, झालं. मग दार उघडतं, मुलगा दिसतो, संगीत येतं. सगळं जिथल्या तिथे. तो बासरीवाला तेवढ्यात फोन बघत होता. बाबांच्या वेळी त्या जागेला हॉलमधला चहावालासुद्धा किटली घेऊन थांबला होता.

बाबांना निर्दोष करण्यासाठी तू हे करतो आहेस, ते मला कळतं. तुला तो फिस्सकन हसलेला आवाज अजून ऐकू येतो. मलाही येतो. पण तो जाड्या काय वाजवत होता ते आज कोणाला आठवतं का?

तेव्हा नीट ऐक. उद्या मी तू लिहिलेलं वाजवणार नाही. चादर पांढरी झाली की मी सुरू करणार. तुझी काठी खाली असेल, असू दे. तू डोळे वटारशील, वटार. प्रेक्षागृह भरलेलं असेल, वरून ध्वनिमुद्रण चालू असेल, थांबवता येणार नाही. नंतर सगळ्यांसमोर मला बोल, वादकसंघातून नाव काढ, आईला सांग. मी बाबांसारखी चुकून लवकर येणार नाही. जाणूनबुजून येणार आहे. रागावायचं तर माझ्यावर रागव, त्यांना सोड.

हे पत्र मी स्वतः तुझ्या हॉटेलच्या काउंटरवर नेऊन देते आहे. संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात पडेल. म्हणजे मला काढायला तुझ्याकडे पुरता वेळ आहे.

बारकी


१६ सप्टेंबर

दादा,

दोन दिवस पेन हातात घेऊन ठेवते आहे. काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे, पण तू तुझ्या बाजूने सांगत फिरशील, म्हणून माझ्या बाजूने कागदावर असू दे.

चादरीचा प्रसंग जवळ आला. मी पूर्ण तयारीत होते, म्हणजे तुझ्याशी भांडायच्या तयारीत. जबडा आवळलेला, डोळे पडद्यावर, तुझ्याकडे बघायचंच नाही असं ठरवलेलं. बाईने चादरीची टोकं धरली. आता झटकणार, आता पांढरं होणार, आणि तेवढ्यात डोळ्याच्या कडेला काहीतरी हललं म्हणून मी बघितलं. तुझा हात वर होता. काठी माझ्याकडे. चादर अजून पुरती उघडलीही नव्हती. बाबा आले होते त्याच्याही केसभर आधी तू मला बोलावत होतास.

माझा श्वासच तयार नव्हता. तुझ्याविरुद्ध वाजवायला मी बसले होते, तुझ्याबरोबर वाजवायला नाही. तू बोलावशील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला रडून चालत नाही, ओठ सुटतात. पडदा पांढरा झाला आणि गेला. मी उशिरा आले. पहिला सूर तर फाटलाच, त्यात अर्धी हवाच होती. बाईने मान वर केली आणि मग माझा सूर आला, जणू तिने विचारलं आणि मी दचकून ओ दिली. दाराच्या आधी, पण बाबांच्या नंतर. कुठेच न लिहिलेल्या जागी.

पुढचं मला नीट आठवत नाही. वाजवलं. टाळ्या बराच वेळ चालल्या म्हणतात. तू प्रेक्षकांकडे वळलास आणि माइकवर म्हणालास, "ही क्लॅरिनेट मूळ चित्रपटात माझ्या वडिलांनी वाजवली होती. ते चुकून लवकर आले होते." एवढं बोलून तू वाकून नमस्कार केलास. मी खुर्चीत बसूनच होते.

मग आतल्या खोलीत रेकॉर्डिस्टने ते परत लावलं. मी माझा तो फाटका सूर ऐकला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगेल्याशा दिसणाऱ्या त्या भल्या माणसाने विचारलं, "मॅडम, हे कॉम्प्युटरवर जरासं आधी सरकवून देऊ का? हवेचा आवाजही साफ होईल. कळणारसुद्धा नाही कोणाला." मी म्हटलं, "द्या. लगेच द्या." तालमीतला माझा चांगला सूर होता, तोही चिकटवा म्हटलं.

आणि तू दारात उभा होतास. इतक्या वर्षांनी समोरासमोर तू मला उद्देशून बोललेला पहिला शब्द होता, "नाही."

मी म्हटलं, "दादा, उशिरा आले मी."

तू म्हणालास, "ऐकलं मी. हाच राहील."

मी भांडले. तू भांडलास. रेकॉर्डिस्ट उठून बाहेर गेला. मी म्हटलं, हे जगभर जाईल, माझे विद्यार्थी ऐकतील, तो वकील ऐकेल. तू म्हणालास, ऐकू दे. मी म्हटलं, सूड उगवतोयस. तू म्हणालास, "बारके, पडद्याकडे बघ आणि मग बोल." तू प्रसंग पुन्हा लावलास. मी बघितला. तुला काय दिसलं ते मलाही दिसलं, बाई आधी विचारते आणि दाराआडून कोणीतरी फाटक्या आवाजात ओ देतं, आणि मी ते तुझ्यासमोर कबूल केलं नाही. पर्स उचलली आणि निघून आले.

घरी येऊन मी क्लॅरिनेट पुसली आणि पेटीत ठेवली. त्या दिवशी बाबांना कसं वाटलं असेल हे मी इतकी वर्षं समजावून सांगत होते, तुला, आईला, स्वतःला. ते मला परवा रात्री कळलं. आधी कळलं नव्हतं. लाज वाटते, राग येतो, आणि ज्याने अडवलं त्याचं तोंड बघावंसं वाटत नाही, त्याला बरोबर दिसलंय हे पोटातून माहीत असतं तरी.

म्हणून मी अजून रागावलेली आहे. पुरेशी रागावून झाले की आपणहून येईन. मध्ये मनधरणी करू नकोस. आणि हे कळल्यामुळे मी आता म्हणेन की बाबांना परत वाजवू द्यायला हवं होतं, असं वाटत असेल तर ते विसर. त्या दिवशी मी नाही म्हटलं ते बरोबर होतं. परवा तू नाही म्हणालास, तेही.

बारकी